कारखान्यालगतच्या शाळांचे कर्तव्य

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हवेहून जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरला आणि उंचीने लहान अशा मुलांच्या श्वासावाटे अधिक गेला. तोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी सूचनाही शेजारच्या वस्तीस आधी मिळालेली नव्हती.

या अनर्थानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याखालील १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांच्या मोठ्या कारखान्यांवर एक बंधन घातले: धोक्याचे स्वरूप आणि अपघातसमयी काय करावे, काय टाळावे, हे आसपासच्या लोकांस आधीच कळविले पाहिजे. परंतु ही माहिती किती शाळांनी मागितली असेल?

आमचे म्हणणे एवढेच की, कारखान्यालगतच्या प्रत्येक शाळेने शालेय वर्षाच्या आरंभी ही माहिती लेखी मागवावी, वर्गावर्गांतून समजावून द्यावी व मुलांकडून तिचा सराव करून घ्यावा. त्यात अभ्यासाचा एखादा तास बुडेल, हे खरे. परंतु वाऱ्याच्या झोताबरोबर न धावता त्याच्या आडव्या दिशेने निघावे, हे ज्या मुलास ठाऊक आहे, ते आपल्या घरच्यांसही वाट दाखवील. कायदा सरकारने केला. तो मुलांपर्यंत पोहोचविणे हे आम्हां शिक्षकांचे व पालकांचे काम होय.