घामाचा जमाखर्च

वजन कमी करावे असे आज पुष्कळांना वाटते, आणि तसे वाटणे चांगलेच आहे. परंतु गेल्या काही वर्षांत या चांगल्या इच्छेला एक खोड जडली आहे. व्यायाम किती केला यापेक्षा त्या व्यायामाने किती उष्मांक, म्हणजे कॅलरी, जळाल्या याचाच हिशोब अधिक चालतो. मनगटावरचे घड्याळ एक आकडा दाखविते, व्यायामशाळेतील चालपट्टा दुसरा दाखवितो, आणि माणूस त्या आकड्यांपायी कधी हुरळतो तर कधी खचतो.

ही खोड कोठे रुजते हे पाहायचे तर आखाती देशांतील मराठी वस्तीकडे पाहावे. कुवेत शहराच्या दक्षिणेस समुद्रकाठी, फहाहीलजवळ मंगफ ही वस्ती आहे. तेथे भारतीयांची मोठी संख्या आहे आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. याच देशात मित्रिबा येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करण्यास तेथे सरकारची मनाई असते. अशा हवेत कचेरीत काम करणारा माणूस गार घरातून गार गाडीत आणि गाडीतून गार कचेरीत जातो. पाय चालायचे विसरतात. मग संध्याकाळी तो चालपट्ट्यावर चढतो आणि यंत्रावरील आकड्याला सबंध दिवसाचे प्रायश्चित्त समजू लागतो.

या आकड्याची परीक्षा साध्या त्रैराशिकाने करता येते. सत्तर किलो वजनाचा माणूस तासाभरात पाच किलोमीटर चालला तर सुमारे 240 उष्मांक खर्च होतात. त्यांतले सत्तरेक उष्मांक तो खुर्चीत बसून राहिला असता तरी खर्च झालेच असते. म्हणजे चालण्याची खरी कमाई सुमारे 170 उष्मांकांची. शरीरावरील एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7,700 उष्मांक. केवळ चालून ती उतरवायची तर पंचेचाळीस तास चालले पाहिजे. उलट एक वडापाव खाल्ला की सुमारे तीनशे उष्मांक पाच मिनिटांत पोटात जातात. तासभर घाम गाळून ‘आज कमावले आहे’ म्हणून ताटात एक पुरणपोळी जास्त घेणाऱ्याचे वजन का उतरत नाही, याचे उत्तर या त्रैराशिकातच आहे.

बरे, यंत्राचा आकडा तरी खरा असतो काय? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये साठ लोकांच्या मनगटांवर सात प्रकारची यंत्रे बांधून पाहिली. नाडीचे ठोके बहुतेक यंत्रांनी ठीक मोजले. पण उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत चांगले यंत्रही सरासरी 27 टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. ज्या दुकानदाराचा तराजू इतका खोटा, त्याच्याकडून आपण पावशेर साखरही घेणार नाही. दिवसाला दहा हजार पावले चाललेच पाहिजे, या दंडकाचे मूळही वैद्यकात नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून तो आकडा जगभर पसरला.

शिवाय शरीर म्हणजे काही वाण्याची वही नव्हे. टांझानियातील हाडझा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक. ते रोज मैलोगणती चालतात. हर्मन पॉन्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवून दिले की शरीराच्या आकारमानाचा हिशोब धरला, तर हाडझा माणसाचा दिवसाचा एकूण उष्मांक-खर्च शहरी माणसापेक्षा फारसा अधिक नसतो. श्रम वाढले की शरीर इतरत्र काटकसर करते, असे त्यांचे म्हणणे आहे.

मग व्यायाम सोडून द्यावा काय? मुळीच नाही. चूक व्यायामात नाही, त्याच्याकडून भलती अपेक्षा करण्यात आहे. भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 माणसांवर तीन वर्षे अभ्यास झाला. 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना आहार आणि चालण्याचे वळण लावले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी घटले. आणि त्यांच्या वजनात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता! काटा हलला नाही तरी रोग मागे हटला. जो काट्याकडे आणि घड्याळाकडेच पाहत बसतो, तो अशा वेळी निराश होऊन चालणेच सोडतो. खरे नुकसान ते आहे.

आपल्या रक्ताच्या लोकांनी तर हे अधिकच ध्यानात घ्यावे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. बाहेरून सडपातळ आणि आतून मेदस्वी असा आपला पिंड आहे. म्हणून वजनापेक्षा कमरेचा घेर पाहावा: पुरुषांचा 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा 80 सेंटिमीटरच्या आत असावा. त्यासाठी घरातली शिवणाची फीत पुरे.

आपल्या बेटावर दर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे. येथे 1987 मध्ये सरकारने लोकांच्या रोजच्या वापरातले स्वयंपाकाचे तेल बदलले; पाम तेलाऐवजी सोयाबीनचे तेल आले. पाच वर्षांत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल लक्षणीय घटले. कोणीही उष्मांक मोजले नव्हते. स्वयंपाकघरातले तेल बदलले, हे त्याचे मोठे कारण. पण त्याच काळात लठ्ठपणा वाढतच गेला, हेही विसरता येणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. मंगफचे नाव जगाला ठाऊक झाले ते 12 जून 2024 च्या आगीमुळे. कामगारांच्या राहत्या इमारतीत सुमारे पन्नास माणसे दगावली. त्यांतले बहुतेक भारतीय होते. कष्ट करून घरी पैसे धाडणाऱ्या अशा माणसांचे उष्मांक कोणी मोजत नाही. आपले पूर्वजही ऊस तोडण्यासाठी या बेटावर आले, तेव्हा त्यांचा घाम मोजला गेला तो फक्त मुकादमाच्या वहीत. आज आपणच आपल्या घामाचे मुकादम होऊन बसावे आणि प्रत्येक घासाची शिक्षा म्हणून पावले मोजावीत, यात शहाणपण नाही. घरातल्या वाढत्या मुलींसमोर तर हा हिशोब मुळीच मांडू नये. जेवण म्हणजे गुन्हा आणि व्यायाम म्हणजे दंड, ही समजूत एकदा मनात बसली की अन्न टाकण्याच्या आजारापर्यंत मजल जाते.

तेव्हा करावे काय? महिन्याला घरात तेल आणि साखर किती लागते ते पाहावे आणि त्यात कपात करावी. चहातली साखर कमी करावी. आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे झपाट्याने चालावे, दोन दिवस जोर-बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम करावा, आणि जेवणानंतर लगेच आडवे न होता थोडे फिरून यावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी फार श्रम करू नयेत. आधी डॉक्टरांना विचारावे. चालून आल्यावर मात्र घड्याळाला काही विचारू नये. जिना चढताना धाप कमी लागते का, झोप नीट येते का, कमरेचा पट्टा एक भोक आत जातो का, एवढेच पाहावे. हा हिशोब बहुधा खोटा ठरत नाही.