डेकल लावायची घाई करू नका

मिग-२१ हे लढाऊ विमान सप्टेंबर २०२५मध्ये आपल्या हवाई दलातून निवृत्त झालं. त्याचं १:७२ प्रमाणातलं मॉडेल तुम्ही करायला घेतलं असेल, तर एक कळकळीची विनंती. रंग वाळला की लगेच डेकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या, कागदाला कात्री लावू नका. जेमतेम वीस सेंटिमीटर लांबीच्या त्या विमानावर हिरवं-पांढरं-केशरी वर्तुळ नीट बसलं नसेल, तर बघणाऱ्याची नजर सगळं सोडून तिथेच जाते.

डेकलखाली जी चंदेरी झाक दिसते, ती म्हणजे अडकलेली हवा. मॅट रंग डोळ्यांना सपाट वाटला तरी तो खरखरीत असतो. डेकलची फिल्म त्याच्या उंचवट्यांवर टेकते, खळग्यांत हवा राहते आणि उजेडात ती चमकते. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचा हात द्या आणि निदान रात्रभर वाळू द्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे मारला तर दमट हवेने तो पांढुरका पडतो. तेव्हा उघडीप मिळेपर्यंत थांबलेलं बरं. ग्लॉस गाळलंत, तर पुढे कुठलंही रसायन त्याची पुरती भरपाई करत नाही.

एका वेळी एकच डेकल कापा. कडेची पारदर्शक फिल्म जमेल तेवढी छाटा. कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बाहेर काढा आणि मिनिटभर तसंच ठेवा; पाण्यात तरंगत राहिलं तर त्याचा डिंक धुऊन जातो. जागेवर मायक्रो सेट हे डेकल बसवायचं द्रावण लावा, ओल्या ब्रशने डेकल सरकवा आणि ओलसर इअरबड मधून कडेकडे फिरवून पाणी काढा.

मग मायक्रो सोल. त्याने फिल्म मऊ होते आणि पत्र्याच्या सांध्यांच्या रेघांत उतरते. पण त्याआधी डेकल असं सुरकुततं की सगळं वाया गेलं असंच वाटावं. याच वेळी हात आवरा. मऊ पडलेली फिल्म ब्रशच्या टोकानेही फाटते, आणि हात लावला नाही तर वाळता वाळता आपोआप सपाट होते. दुसऱ्या दिवशी टॉर्च तिरका धरून बघा. फुगा राहिला असेल तर बारीक सुईने टोचा आणि त्यावर सोलचा थेंब सोडा. सगळं बसल्यावर डिंकाचे डाग ओल्या फडक्याने पुसा आणि शेवटी हवा तर मॅटचा हात द्या.

किट जुनं असेल तर नको असलेलं एखादं डेकल आधी पाण्यात टाकून पाहा. त्याचे तुकडे झाले, तर उरलेल्या कागदावर लिक्विड डेकल फिल्मचा थर द्या आणि तो वाळल्यावरच कापा.

या रविवारी नुसतं ग्लॉस मारून विमान झाकून ठेवा. डेकल पुढच्या रविवारी, दिवसाउजेडी लावा.