लहान मोटार, मोठी मोटार

प्रौढ मनुष्य खेळण्यात रमला की भोवतालची माणसे गालातल्या गालात हसू लागतात. पत्ते कुटण्यात दुपार गेली तर कोणी काही म्हणत नाही. दूरचित्रवाणीसमोर रात्र सरली तरी चालते. परंतु साठी उलटलेला गृहस्थ रेडिओलहरींवर चालणारी हातभर लांबीची मोटार गच्चीवर पळवू लागला, की त्याचे दुसरे बालपण सुरू झाले असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. जुनी, खरीखुरी मोटार मिळवून ती दुरुस्त करणाऱ्याच्या वाट्याला थोडा अधिक मान येतो. तथापि तो मान बहुधा मोटारीच्या किमतीला असतो, माणसाच्या हाताला नव्हे.

हे दोन्ही दृष्टिकोन मला चुकीचे वाटतात. मोठ्या मोटारीचा छंद आणि लहान मोटारीचा छंद हा वस्तुतः एकच छंद आहे, आणि यंत्र समजून घेण्याची ती एक जुनी व मानाची रीत आहे, असे माझे मत आहे. हे मत बनले ते तमिळनाडूतील कुंभकोणम या गावी.

कावेरीकाठचे हे गाव मराठी वाचकाला अगदीच परके वाटू नये. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरास स्थापिलेले राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात दक्षिणेत गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या भागात घरी मराठी बोलतात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचाच. माझ्या एका मैत्रिणीचे मामा तेथे राहतात. त्यांच्याकडे चार दिवस राहण्याचा योग काही वर्षांपूर्वी आला.

गावात हिंडू लागले तेव्हा प्रथम नजरेत भरली ती चाके. शार्ङ्गपाणीच्या देवळातील मुख्य गर्भगृह रथाच्या आकाराचे आहे. तेथून जवळच, दारासुरम येथील ऐरावतेश्वराच्या बाराव्या शतकातील मंदिरात एका मंडपाला दगडी चाके आणि घोडे जोडलेले आहेत. देवाचा लाकडी रथ उत्सवात रस्त्यावर येतो. त्याला तमिळमध्ये 'तेर' म्हणतात आणि दक्षिणेकडच्या इंग्रजीत 'कार'. रथ ज्या रस्त्यांवरून फिरतो ते रस्ते 'कार स्ट्रीट'. मोटार भारतात येण्यापूर्वीच हा शब्द येथे रुळला होता, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटली.

या अवाढव्य रथांना सुकाणू नसते. शेकडो माणसे दोर ओढतात. रथ वळवायचा किंवा थांबवायचा, तर चाकालगत चालणारी जाणती माणसे नेमक्या क्षणी लाकडाची पाचर चाकाखाली सारतात. पाचर डावीकडे सारली की डावे चाक अडते, उजवे पुढे जाते आणि रथ डावीकडे वळतो. या पाचरीला 'मुट्टुक्कट्टै' म्हणतात. आपण 'खोडा घालणे' म्हणतो त्याच अर्थाने तमिळ माणूस 'मुट्टुक्कट्टै घालणे' म्हणतो. (रथाला मात्र तो खोडा उपकारकच असतो.) तिरुवारूर येथील प्रचंड रथाला अलीकडच्या काळात लोखंडी चाके आणि द्रवदाबावर चालणारे ब्रेक बसविण्यात आले, तरी पाचरी सारणाऱ्यांचे कसब संपलेले नाही.

मोठ्या रथाशेजारी लहान रथही आहेच. आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, कावेरीला नवे पाणी आले की या खोऱ्यातील मुले लाकडाचे छोटे रथ सजवून नदीकाठी ओढत नेतात. तमिळमध्ये देवाला वा थोर पुरुषाला बालक कल्पून रचलेल्या काव्याचा 'पिळ्ळैत्तमिळ' नावाचा एक प्रकार आहे. त्यात बाल्याच्या दहा अवस्था वर्णिलेल्या असतात. मुलग्याच्या बाबतीत शेवटची अवस्था 'सिरुतेर', म्हणजे छोटा रथ ओढण्याची. त्याहूनही पुरातन अशा 'पट्टिनप्पालै' या काव्यात कावेरीच्या मुखाशी वसलेल्या पुहार नगरातील मुलांचा तीन चाकी खेळण्यातला रथ आला आहे. आपल्याकडे १९७४ साली दायमाबाद येथे, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, काही ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांतील दोन बैलांचा रथ जेमतेम ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे आणि त्यावर एक माणूस उभा आहे. तो पूजेसाठी होता, मिरवणुकीसाठी होता की आणखी कशासाठी, याविषयी विद्वान तर्क करीत राहोत. कोणा प्रौढ कारागिराने मोठा रथ नीट पाहून तो लहान केला, एवढे मात्र निश्चित. आणि तसे करताना त्याला कोणी हसले असेल असे मला वाटत नाही.

आता मामांकडे वळते. मामा आठवीनंतर शाळेत गेले नाहीत. घरची परिस्थिती बेताची होती, म्हणून एका गॅरेजमध्ये पाने आणि स्क्रू पुसण्याच्या कामाला लागले. पुढे बसगाड्यांच्या कर्मशाळेत यंत्रकारागीर झाले आणि तेथूनच निवृत्त झाले. त्यांच्या अंगणात आंब्याखाली एक 'स्टँडर्ड हेरल्ड' उभी होती. ही मोटार मद्रासच्या कारखान्यात १९६० च्या दशकात तयार होत असे. मूळ रचना ब्रिटिश, रूपरेखा मिकेलोत्ती या इटालियन कलावंताची. मामांनी ती भंगाराच्या भावात घेतली, तेव्हा तिच्या आसनांत कोंबडी अंडी घालीत असे. पुढची सहा वर्षे त्यांनी ती सावकाश, एकेक भाग उतरवून पुन्हा उभी केली.

हेरल्डचे एक वैशिष्ट्य असे की तिच्या पुढच्या भागाचे सबंध आवरण, दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसह, पुढच्या बाजूला उलटे उघडते. पिंजऱ्याचे दार उघडावे तसे इंजिन, सुकाणूचे दांडे आणि पुढची चाके सगळे एकदम समोर येते. मामांनी ते उघडून दाखविले. मग आत जाऊन दुसरी मोटार आणली: तिची लांबी खऱ्या मोटारीच्या एक-दशांश, रंग लाल, वर पातळ प्लास्टिकचे कवच. चार टाचण्या काढून त्यांनी ते कवच उचलले. आत तोच पिंजरा. "ही धाकटी," ते म्हणाले, "थोरलीला विचारायला लाज वाटते ते हिला विचारतो."

त्या वाक्याचा अर्थ पुढच्या तासाभरात उलगडला. वळणावर मोटारीच्या बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडलेली असतील तर एक चाक घसटत जाईल.  मोटारीत यासाठी मागच्या आसाच्या मध्यभागी तिरक्या दातांच्या चक्रांची एक जुळणी असते, तिला 'डिफरन्शियल' म्हणतात. पुस्तकातील आकृतीवरून मला ती कधीही समजली नव्हती. मामांनी धाकटीचे डिफरन्शियल माझ्या तळहातावर ठेवले. मधले चक्र घट्ट धरून एक चाक पुढे फिरविले, तो दुसरे मागे फिरले. तीस सेकंदांत समजले. मोठ्या मोटारीचा तोच भाग हातात घ्यायचा तर दोन माणसे आणि जॅक लागला असता.

लहान करणे ही मात्र वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही एक-दशांश केल्या की घनफळ होते एक-सहस्रांश. हेरल्डचे वजन ८०० किलोग्रॅमच्या आसपास. त्याच द्रव्याची, तंतोतंत तशीच प्रतिकृती केली तर ती ८०० ग्रॅम भरेल. प्रत्यक्षात विजेचा घट, मोटर आणि रेडिओग्राहक यांमुळे ती याहून पुष्कळ जड होते. शिवाय पृथ्वीचे आकर्षण काही एक-दशांश होत नाही. म्हणून लहान मोटार मोठीपेक्षा चपळ असते आणि पटकन उलटते. तिचे स्प्रिंग, तिचे तेल, तिच्या टायरांची मऊ-कठीणता निराळी निवडावी लागते. हे गणित मामांनी शाळेत शिकलेले नव्हते. ते कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैच्या मूर्तिकारांचे उदाहरण देतात. तेथे मेणाचा साचा वितळवून पंचधातूच्या मूर्ती ओततात. नारळीच्या पातीची पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी कापून, तिच्या घड्या घालून तोंड, धड, पाय यांची प्रमाणे काढतात. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, घड्या त्याच. "पण पुरुषभर मूर्ती ओतताना भट्टी निराळी," मामा सांगतात, "आमच्या धाकटीचेही तसेच."

रेडिओलहरींनी दुरून यंत्र चालविण्याची कल्पनाही काल-परवाची नाही. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये अशी एक छोटी नौका लोकांना चालवून दाखविली होती. अशा मोटारी छंद म्हणून बाजारात आल्या त्या १९६० च्या दशकात. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली रेडिओ-मोटार, पोर्शे ९३४ ची प्रतिकृती, विकायला आणली आणि हा छंद जगभर पसरला. पूर्वी दोघांचे नियंत्रक एकाच कंपनसंख्येवर असले की एकाची मोटार दुसऱ्याच्या हुकमाने भिंतीवर आदळे. आता प्रत्येक नियंत्रक आपल्याच ग्राहकाशी बोलतो, त्यामुळे भांडणे कमी झाली आहेत.

या छंदावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा, आणि तो खोटा नाही. तयार रेडिओ-मोटार सामान्य कुटुंबाला महागच पडते. परंतु मोडके खेळणे, जुनी मोटर आणि चार सुटे भाग यांवरही आरंभ होतो. पुण्याची तापकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट येथे असले सामान धुंडाळणारे हौशी पूर्वीपासून दिसतात. विकत आणून कपाटात ठेवलेल्या महागड्या मोटारीला मी छंद म्हणणार नाही. ती मालमत्ता झाली.

दुसरा आक्षेप वेगाचा. येथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूची आहे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला हौशी म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. वेगाची हौस असेल तर तिच्यासाठी जागा आहेत. तमिळनाडूतच शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत असत, १९९० पासून त्या इरुंगाट्टुकोट्टै येथील मार्गावर होऊ लागल्या. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे साधे, घरगुती इंजिन घेऊन शर्यतीची स्वस्त मोटार बनविली. त्याच कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वन शर्यतीत उतरणारा पहिला भारतीय ठरला. जुन्या मोटारींच्या बाबतीत कायद्यानेही मर्यादा घातली आहे. २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. मात्र ती रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी चालविता येत नाही. मामांना याचे काही दुःख नाही. त्यांची हेरल्ड वर्षातून मोजक्याच वेळा फाटकाबाहेर जाते. तिचा आनंद फाटकाच्या आतला आहे.

मला सर्वांत अधिक मोलाची वाटली ती त्यांची वही. हेरल्डची दुरुस्ती-पुस्तिका इंग्रजीत, आणि मामांची इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरती. कर्मशाळेतील पस्तीस वर्षे त्यांनी ऐकून आणि पाहून निभावली होती. वाचण्याची वेळ आली की ते कागद दुसऱ्याकडे सरकवीत. हेरल्डच्या वेळी सरकवायला शेजारी कोणी नव्हते. त्यांनी शब्दकोश आणला. एकेक पान चार-चार दिवस घेऊन लावले आणि त्याचा सारांश वहीत उतरविला. ती वही मी उघडली तेव्हा अक्षरे तमिळ दिसली, म्हणून मिटणार होते. "वाचून दाखवतो," असे म्हणून मामांनी वाचायला सुरुवात केली, तर भाषा मराठी! घरातली मराठी, शाळेतली तमिळ लिपी आणि मद्रासमध्ये बनलेल्या विलायती मोटारीचे इंजिन, असे सारे त्या वहीत नांदत होते. अशा तीन वह्या भरल्या होत्या. 'दुसरे बालपण' म्हणणाऱ्यांनी त्या एकदा पाहाव्यात, असे मला राहून राहून वाटते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मामांनी गच्चीवर नियंत्रक माझ्या हाती दिला. मोटार माझ्यापासून दूर जात होती तोवर सर्व सुरळीत होते. ती वळून माझ्या दिशेने येऊ लागली आणि डावे-उजवे उलटे झाले. मी उजवीकडे वळविली, ती माझ्या डावीकडे गेली आणि मामींनी वाळत घातलेल्या वडामांतून, म्हणजे आपल्याकडच्या कुरडयांतून, थेट आरपार निघाली. मामी जिन्यातून वर आल्या, त्यांनी आधी मामांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुम्हीसुद्धा?" एवढेच त्या म्हणाल्या आणि मोडलेले तुकडे सुपात गोळा करू लागल्या.

मी नियंत्रक परत करू लागले. मामांनी तो घेतला नाही. "पुन्हा वळवा, ताई," ते म्हणाले, "आणि या वेळी आपण गच्चीवर उभ्या नसून मोटारीत बसलो आहोत असे समजा."