कस्टमच्या कागदावर सही आपली, जबाबदारीही आपलीच!

दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी आता कष्टकऱ्यांची मोठी वसाहत म्हणून ओळखली जाते. १९ जानेवारी २०२४ रोजी येथील रे नगरातील १५ हजार घरांचे लोकार्पण झाले. यंत्रमाग, विडी, शिलाई अशी कामे करणारे हे लोक आहेत. डोक्यावर छप्पर आले की माणूस स्वतःच्या धंद्याचा विचार करू लागतो. मग कोणी परदेशी शिलाई यंत्रे मागवू म्हणतो, कोणी जुना रॅपियर माग. ही उमेद चांगलीच आहे. परंतु "कस्टमचे काय ते एजंट बघेल" या एका वाक्यावर पुष्कळांची भिस्त असते, ती आम्हास धोक्याची वाटते.

२०११ पासून आयात मालावरील शुल्काचा हिशेब आयातदाराने स्वतःच करून द्यावयाचा असतो. कस्टम ब्रोकर कागद भरतो, पण मालाचे वर्णन, किंमत वा देश चुकीचा निघाला तर नोटीस आयातदाराच्या नावे येते.

पहिली गोष्ट आयात-निर्यात कोडची. हा कोड विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ५०० रुपये शुल्कात मिळतो. २०१७ पासून पॅन क्रमांक हाच कोड असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. इतके सोपे असताना कित्येक जण ओळखीच्याच्या कोडवर माल आणतात. यात दोघांचेही नुकसान आहे. नोटीस आली तर कोड देणारा अडकतो. आणि बिल ऑफ एंट्रीवर नाव नसल्याने माल वापरणाऱ्यास जीएसटीची वजावट मिळत नाही.

दुसरी गोष्ट किमतीची. समजा, भाडे व विमा धरून यंत्राची किंमत १ लाख रुपये आहे. दर मालागणिक वेगळे असतात, पण मूळ शुल्क १० टक्के धरले तर १० हजार रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १ हजार. या १ लाख ११ हजारांवर १८ टक्के आयजीएसटी धरल्यास १९,९८० रुपये. एकूण भरणा ३०,९८० रुपये. यापैकी आयजीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्यास पुढे वजा करता येतो. म्हणजे खरा बोजा ११ हजारांचा. तो वाचविण्यासाठी बिल कमी दाखविणे शहाणपणाचे नाही. लबाडी सिद्ध झाली तर बुडविलेले शुल्क, त्यावर व्याज आणि शुल्काइतकाच दंड भरावा लागतो. मालही जप्त होऊ शकतो. अशा प्रकरणात पाच वर्षे मागचे दप्तर उघडता येते.

तिसरी गोष्ट वेळेची. जहाज बंदरात लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री दाखल झाले पाहिजे. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि नंतर रोज १० हजार रुपये आकार लागू शकतो. न्हावा शेवा बंदरातील कंटेनरचे भाडे निराळेच. छोट्या कारखानदाराचा वर्षाचा नफा आठवड्यात बुडतो तो येथे.

जुने यंत्र आणणार असाल तर त्याचे वय व किंमत सांगणारा चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला आधीच तयार ठेवावा. मुक्त व्यापार कराराची सवलत घ्यावयाची असेल तर उत्पत्तीचा दाखला हाती असणे पुरेसे नाही. माल खरोखर त्या देशात तयार झाला, याची माहिती २०२० च्या नियमांनुसार आयातदारापाशी असावी लागते. हे कागद पाच वर्षे जपावे लागतात.

ज्यांना दोन-चारच यंत्रे हवीत त्यांनी आयातीच्या फंदात न पडता पक्क्या जीएसटी बिलावर देशातील आयातदाराकडून घ्यावीत. ज्यांची गरज मोठी आहे त्यांनी चार जण मिळून रीतसर भागीदारी नोंदवावी आणि भागीदारीच्या नावे कोड काढावा. सोलापुरातील व्यापारी संघटनांनीही कुंभारीत येऊन या विषयावर अर्ध्या दिवसाचे वर्ग घ्यावेत, अशी आमची सूचना आहे.

माग चालविणारा हात ताण्यातील तुटलेला धागा लगेच ओळखतो. कागदातील चूक ओळखण्याची तीच सवय आमच्या कारागीर बांधवांनी लावून घ्यावी. न वाचता सही करू नये, एवढे पाळले तरी निम्मे संकट टळेल.