बोलायचंय... पण कुठं बसून?

मांजरसुंब्याला तुम्ही कधी मुद्दाम आला नसाल, पण इथला चहा कदाचित प्यायला असाल. धुळे-सोलापूर हायवेवर बीडपासून वीसेक किलोमीटरवर हा फाटा लागतो. एक रस्ता पाटोद्याकडं जातो, एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईकडं. ट्रक, एसटी, ट्रॅव्हल्स, रात्री दोन वाजताही पेटलेल्या भट्ट्या. आमचं गाव झोपतच नाही, असं आम्ही कौतुकानं सांगायचो.

२५ मार्च २०२० पासून ते झोपलं. पप्पांचं फाट्यावरचं चहाचं हॉटेल बंद झालं आणि दोन खोल्यांच्या घरात आम्ही पाच जण चोवीस तास एकमेकांसमोर आलो. मी तेव्हा बीडच्या एका ज्युनिअर कॉलेजात होते. बारावीच्या वर्षी कॉलेजनं एक चांगलं काम केलं. मुलांच्या मनावर ताण आलाय म्हणून ऑनलाइन समुपदेशनाचं सेशन ठेवलं. स्क्रीनवर मॅडम आल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, "सगळ्यांनी एका शांत खोलीत बसा, दार लावून घ्या आणि मोकळेपणानं बोला."

शांत खोली? एका खोलीत आज्जीची मालिका चालू होती, दुसरीत आई पोळ्या लाटत होती. फोन पप्पांचा. मध्येच दूधवाल्याचा कॉल आला. रात्र रात्र झोप येत नव्हती, छातीत धडधडायचं, परीक्षा होणार की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. बोलायचं भरपूर होतं. माझा नंबर आला तेव्हा मी कॅमेरा बंद केला आणि चॅटमध्ये टाइप केलं, "मी ठीक आहे मॅडम."

त्या दिवशीच्या अहवालात माझ्या नावापुढं काय लिहिलं गेलं असेल? बहुतेक 'अडचण नाही' असंच. आज मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी म्हणून करोनाकाळातल्या हेल्पलाइनचे आकडे वाचते, तेव्हा ते एक वाक्य डोक्यातून जात नाही. हे आकडे मदत मागणाऱ्यांचे आहेत. ज्यांना मागताच आली नाही ते यात कुठं असतील?

फोन खणखणत होते

आधी जे घडलं ते नीट बघू. करोनानं मानसिक आरोग्याची मागणी वाढवली, यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं, की महासाथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं. जास्त फटका बसला तो तरुणांना आणि महिलांना. आणि नेमकी त्याच वेळी सेवा कोलमडली. ओपीडी बंद, बस बंद, डॉक्टर कोविड ड्युटीवर.

मग सगळा भार फोनवर आला. लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. डॉक्टरांनी फोनवर, व्हिडिओवर, अगदी मेसेजवरही पेशंट बघायला आपल्याकडं त्यामुळं पहिल्यांदा स्पष्ट नियम मिळाले. बेंगळुरूच्या निम्हान्सनं हेल्पलाइन काढली. मुंबईत महापालिका आणि एमपॉवर या संस्थेनं मिळून सुरू केलेल्या हेल्पलाइनवर दोन महिन्यांत सुमारे ४५ हजार कॉल आले. जुलै २०२० मध्ये विद्यार्थ्यांसाठी 'मनोदर्पण' आलं, ७ सप्टेंबरला १३ भाषांमधली 'किरण' हेल्पलाइन आली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' तर २०१२ पासूनच फोन, ईमेल आणि चॅटवर हे काम करत होती. अचानक सगळ्यांनाच तिची गरज पटली.

ऑनलाइनचा फायदा खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. आमच्या भागातून मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचं तर बीडचं जिल्हा रुग्णालय गाठा, नाही तर साठ-सत्तर किलोमीटरवरचं अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं मराठवाड्याच्या बाहेर आहेत. आणि एसटीत बसलं की कुणीतरी ओळखीचं भेटणारच. "कुठं निघालीस गं?" याचं उत्तर काय द्यायचं? फोनवर हा प्रश्न येत नाही.

पण फोन कुणाचा?

इथंच गाडी अडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल (२०१९-२१) बघा. ग्रामीण भारतात १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी स्वतः वापरता येईल असा स्वतःचा मोबाइल असलेल्या निम्म्याहूनही कमी, साधारण ४७ टक्के. आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या साधारण २५ टक्के. म्हणजे चार बायकांमागं एक. हे आकडे अगदी करोनाच्या काळातले आहेत.

फोन मिळाला तरी खोली लागते. शहरातल्या वन बीएचकेत अडकलेल्यांनाही हा त्रास झालाच, पण तिथं निदान शेजाऱ्याला आपलं नाव माहीत नसतं. गावात गच्चीवर जाऊन बोललं तरी चार घरांना ऐकू जातं. "गावात कसलं टेन्शन, बोलायला माणसं आहेत की," असं लोक म्हणतात. माणसं आहेत, हे खरंच. पण ज्यांच्याबद्दल बोलायचंय तीच माणसं शेजारी बसलेली असली तर? आणि एकाला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत पारावर पोचणार असेल तर?

तिसरी अडचण शब्दांची. 'अँक्झायटी', 'पॅनिक', 'ट्रॉमा' हे शब्द आपण इन्स्टावर शिकलो. आमच्याकडं बाई म्हणते, "जीव घाबरा होतोय." माणूस म्हणतो, "डोकं जड झालंय, कशात मन लागंना." आज्जी म्हणते, "काळजानं थारा सोडलाय." तक्रार मनाची असते, पण सांगितली जाते शरीराची, म्हणून ती मेडिकलवाल्याकडं जाते. तो ॲसिडिटीची गोळी देतो. हेल्पलाइनच्या मोजणीत हा माणूस कुठंच येत नाही.

ज्यांचा कॉल आलाच नाही

एप्रिल २०२० आठवा. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. लॉकडाऊनमध्ये ती कारखान्यांवरच अडकली. राज्यात अशा सव्वा लाखाहून जास्त कामगारांना घरी परतायची परवानगी मिळाली ती १७ एप्रिलला. परतल्यावर कित्येकांना गावाबाहेर, शेतात नाही तर शाळेत वेगळं राहावं लागलं. डोक्यावर उचल, हाताला काम नाही, लेकरं सोबत आणि ज्या गावासाठी जीव तुटत होता त्या गावाच्याच नजरेत संशय. एवढं सगळं सोसून यातल्या किती जणांनी हेल्पलाइनचा नंबर फिरवला असेल? तुम्हीच अंदाज करा.

म्हणून 'शहरातून कॉल जास्त, म्हणजे ताण शहरात जास्त' हा हिशेब मला पटत नाही. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. म्हणजे करोनाच्या आधीच दहातले सात-नऊ जण मोजणीच्या बाहेर होते. त्यातही गंमत म्हणजे, हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. आपला ताण आपण अंदाजानंच मोजतोय.

आणि आपण तरुण? युनिसेफनं गॅलपसोबत २०२१ मध्ये २१ देशांतल्या तरुणांना विचारलं, मानसिक त्रास झाला तर कुणाची तरी मदत घ्यावी का? सरासरी ८३ टक्के 'हो' म्हणाले. भारतातल्या १५ ते २४ वयाच्या मुलामुलींत 'हो' म्हणणारे फक्त ४१ टक्के. आपण स्टेटसला 'मेंटल हेल्थ मॅटर्स' ठेवतो आणि स्वतःवर वेळ आली की 'मी ठीक आहे' टाइप करतो. मी केलंय, म्हणून सांगतेय.

करोना गेला, मग आता काय?

करोनाकाळातली मागणी बघूनच १० ऑक्टोबर २०२२ ला 'टेली-मानस' सुरू झालं. नंबर साधा आहे, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीसह २० भाषांत. साध्या बटणाच्या फोनवरूनही लागतो, डेटापॅक लागत नाही. २०२५ मध्ये तिथल्या कॉलनी वीस लाखांचा आकडा ओलांडला.

दुसरी मोठी घडामोड सुप्रीम कोर्टाची. २५ जुलै २०२५ च्या निकालात कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. टेली-मानससारख्या हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेल, वर्ग, वेबसाइट अशा ठिकाणी ठळक दिसले पाहिजेत. तुमच्या कॉलेजात दिसतात का? उद्या गेलात की नोटीस बोर्ड बघा.

पण नंबर लावला आणि माणूस नेमला, एवढ्यावर काम संपत नाही. माझ्या ज्युनिअर कॉलेजनं नंबरही दिला होता, मॅडमही आणल्या होत्या. कमी पडलं ते एक दार. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे, की ऑनलाइन समुपदेशनाची योजना करताना फोनच्या दुसऱ्या टोकाची, म्हणजे बोलणाऱ्याच्या बसण्याच्या जागेचीही योजना करा. कॉलेजात, ग्रंथालयात, आरोग्य उपकेंद्रात एक लहान खोली. एक खुर्ची, आतून कडी, एक फोन. बाहेर पाटी 'समुपदेशन' नको, 'अभ्यासिका' चालेल. याला फार पैसा लागत नाही.

आणि जी साखळी आधीच आहे ती वापरा. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, त्यात बीड आहे. त्यात आशाताई घरोघरी जाऊन ताणात असलेल्या माणसाची विचारपूस करतात. आशाताईला "जीव घाबरा होतोय" याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिला नीट प्रशिक्षण आणि त्या कामाचे वेगळे पैसे मिळाले, तर ती स्वतःच्या फोनवरून १४४१६ लावून देऊ शकते. पहिला 'हॅलो' तिनं म्हटला, तर पुढचं बोलणं सोपं जातं.

तुमच्यासाठी थोडं कामाचं

तुम्हाला स्वतःला गरज वाटत असेल, तर घरात शांत खोली मिळायची वाट बघू नका. शेताचा बांध, कॉलेजचा मोकळा वर्ग, उभ्या गाडीतली सीट, कुठूनही चालतं. फोन लागल्यावर आधीच सांगा, "मला मोकळं बोलता येत नाहीये." मग समोरच्याला 'हो-नाही' असं उत्तर देता येतील असे प्रश्न विचारता येतात. बोलणं शक्यच नसेल तर चॅट किंवा ईमेलवरच्या सेवा आहेत.

ॲपवर पैसे भरून सेशन घेणार असाल, तर समोरच्याचं शिक्षण विचारा. त्यात लाजायचं काही नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. समुपदेशक औषधं लिहून देत नाहीत, त्यासाठी डॉक्टरच लागतो. आणि स्वतःचं बरंवाईट करावं असे विचार येत असतील, तर सेशनच्या तारखेची वाट बघायची नाही. लगेच १४४१६ लावा, जवळच्या माणसाला सांगा, दवाखाना गाठा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे. आपण कुणाकडं उपकार मागत नाही.

आणि तुमचा मित्र, मैत्रीण गप्प गप्प असेल, तर "काय झालं?" असं चारचौघांत विचारू नका. गाडी काढा, चक्कर मारायला न्या, थोडा वेळ काही न बोलता बसा.

आमच्या बॅचची बारावीची परीक्षा शेवटी रद्दच झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल लागला, ९९.६३ टक्के पास. त्या निकालात मीही आहे. वर्षभराच्या जाग्या रात्री त्यात कुठंच नाहीत. पप्पांचं हॉटेल पुन्हा सुरू झालंय, फाटा पुन्हा रात्रभर जागा असतो. मागच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरजवळ, चहाच्या दरपत्रकाखाली चिकटवला. पप्पांनी विचारलं, "हे कशाला गं?"

सांगायला वेळ लागला. हॉटेलच्या मागं, भांडी घासायच्या जागी बसून सांगितलं. तिथं तेव्हा कुणी नव्हतं.