पावलांचा हिशेब

शाळेंतून निवृत्त झालेल्या शिक्षकाला उन्हाळ्याची सुट्टी नसते, ही गोष्ट आमच्या ध्यानांत येण्यास कांहीं वर्षें लागलीं. ज्याला काम नाहीं त्याला सुट्टी कोठून असणार? ३६ वर्षें आम्हीं एप्रिल महिन्याची वाट पाहिली. आतां एप्रिल येतो तो नुसतें ऊन घेऊन येतो. सुट्टी लागते ती नातवंडांना, आणि तिचे श्रम होतात ते घरांतील बायकांना. यंदाहि वैशाख लागण्यापूर्वींच पुण्याचे दोन्ही नातू सातारच्या घरीं दाखल झाले, धाकट्या सूनबाईंनीं माठांत वाळा टाकला, गच्चीवर जुनीं लुगडीं अंथरून वाळवणाची तयारी झाली, आणि आम्हांला नेहमींप्रमाणें कावळे हांकण्याच्या कामावर नेमण्यांत आलें.

थोरल्या नातवानें येतांना आमच्यासाठीं एक मनगटी घड्याळ आणलें होतें. वेळ दाखविणें हें त्याचें दुय्यम काम. मनुष्य दिवसभरांत किती पावलें चालला आणि त्याची नाडी मिनिटाला किती ठोके देते, याची नोंद ठेवणें हें मुख्य काम. आमच्या वडिलांच्या काळीं नाडी पाहावयास वैद्य येत. आतां तेवढ्यासाठीं नातू पुरतो. घड्याळ आमच्या हाताला बांधून त्यानें बजावलें, "आजोबा, रोज १०,००० पावलें झालीं पाहिजेत."

हा दहा हजारांचा आंकडा कोणत्या शास्त्रकारानें सांगितला, याची आम्हीं चौकशी केली. निघालें तें असें: १९६४ सालीं टोकियोस ऑलिंपिक सामने झाले, आणि लगेच पुढच्या वर्षीं, १९६५ सालीं, एका जपानी कारखान्यानें पावलें मोजणारें एक यंत्र विक्रीस काढलें. त्याच्या जपानी नांवाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. म्हणजे नामकरण आधीं झालें आणि शास्त्र मागाहून आलें! पुढें २०१९ सालीं अमेरिकेंतील सुमारें १७,००० वृद्ध स्त्रियांच्या पावलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत, अगदीं थोडें चालणाऱ्या स्त्रियांपेक्षां दिवसाला ४,४०० पावलें चालणाऱ्यांमध्यें मृत्यूचें प्रमाण बरेंच कमी आढळलें. मात्र ७,५०० पावलांच्या पुढें हा लाभ वाढत गेलेला दिसला नाहीं. आमच्या वयाच्या वाचकांनीं हे आंकडे लिहून ठेवावेत. दहा हजारांच्या धाकानें कोणी गुडघे झिजवूं नयेत.

पण हें शहाणपण आम्हांला मागाहून आलें. पहिल्या दिवशीं आम्ही घड्याळ बांधून मोठ्या उत्साहानें निघालों, राजवाड्यापर्यंत गेलों, तेथून चार भिंतींची टेकडी चढून आलों, आणि संध्याकाळीं पुन्हां एक फेरी मारली. रात्रीं जेवणाच्या पंक्तींत नातवानें निकाल वाचला: ९,२०६. परीक्षेंत पहिल्या वर्गांत आलेल्या मुलासारखे आम्ही सर्वांकडे पाहूं लागलों. सौ. ताक वाढीत होती. ती म्हणाली, "उद्यां माझ्या हाताला बांध रे तें."

दुसरा दिवस कुरडयांचा होता. सौ.नें दिवसभरांत उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलें नाहीं. स्वयंपाकघरांत चीक शिजवावा, तो गरम आहे तोंच सोऱ्यांत भरावा, जिना चढून गच्चीवर कुरडया घालाव्या, पुन्हां खालीं यावें, मध्येंच नातवंडांना पन्हें द्यावें, दारीं आलेल्या पोस्टमनला पाणी द्यावें, आणि कावळे हांकणारा पहारेकरी पहाऱ्यावर झोंपला आहे असें दिसल्यास त्याला उठवावें, हा तिचा क्रम होता. रात्रीं नातवानें निकाल वाचला: ११,४३२.

पंक्तींत जो हंशा पिकला त्याचें वर्णन करीत नाहीं. आम्हीं शिक्षकाच्या कर्तव्यबुद्धीनें उत्तरपत्रिका फेरतपासणीस घेतली. हें यंत्र मनगटावर असतें. मनगट हलल्यास तें पावलें धरतें. सोऱ्या फिरवितांना मनगट हलतें. सबब या आंकड्यांत खोट असली पाहिजे, असा आम्हीं पूर्वपक्ष मांडला. लगेच प्रयोग झाला. सौ.नें पाटावर बसून रिकामा सोऱ्या शंभर वेळां फिरविला. घड्याळानें ३८ पावलें वाढविलीं. आम्हीं त्रैराशिक मांडून एकंदरींत १,००० पावलें वजा केलीं. तरी १०,४३२ राहिलीं. सौ. म्हणाली, "हजार कशाला, दोन हजार वजा करा. खातांना मात्र कुरडया वजा करूं नका म्हणजे झालें."

येथवर सारी थट्टाच होती. पुढचा प्रसंग अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर घडला.

उन्हाळ्यांत उजाडण्यापूर्वीं उठून उभयतांनीं अजिंक्यतारा चढावयाचा, हा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें ३,३०० फूट उंचीचा हा किल्ला; तो घेण्यास औरंगजेबाला १७०० सालीं चार महिन्यांवर वेढा घालावा लागला. आम्हांला पाऊण तास पुरत असे. गेल्या वर्षापासून मात्र सव्वा तास लागूं लागला, याचें कारण, सौ.ला दम लागूं लागला. प्रत्येक वळणावर ती कठड्यावर बसे, "दमलें बाई," असें म्हणे, पिशवींतून पाण्याची बाटली काढी, खडीसाखरेचा एक खडा आपण घेई व एक आम्हांला देई. आम्ही मोठ्या उदार मुद्रेनें तिच्याजवळ बसत असूं. फिरावयास येणारी ओळखीची मंडळी जातांना विचारीत, "काय मास्तर, बसलांत?" त्यावर आम्ही सांगत असूं, "काय करणार? हिला दम लागतो." सौ. कांहीं बोलत नसे. एवढेंच नव्हे, तर गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं याच सदरांत, 'सहधर्मचारिणीचीं पावलें मंदावलीं म्हणजे पतीनें आपला वेग आवरावा,' असा उपदेशहि केला होता. कित्येक वाचकभगिनींनीं त्याबद्दल आमची प्रशंसा करणारीं पत्रें धाडलीं. तीं आम्हीं जपून ठेविलीं आहेत.

त्या दिवशीं थोरला नातू बरोबर होता. दुसऱ्या वळणावर सौ. नेहमींप्रमाणें बसली. नातवानें आमच्या मनगटावरील घड्याळ पाहिलें: १३४ ठोके. मग तें सोडून त्यानें आजीच्या हाताला बांधलें व थोडा वेळ थांबला. आंकडा आला ९२. तो ओरडला, "आजी, तूं दमलीच नाहींस! दमले आहेत ते आजोबा!"

सौ. म्हणाली, "यंत्रच तें. घाम आला कीं कांहींहि दाखवतें." आणि आम्हींहि मनाशीं म्हटलें कीं, ज्या घड्याळाला सोऱ्या आणि पाय यांतील भेद कळत नाहीं, त्याच्या साक्षीवर काय विसंबावें?

त्यानंतर आठ दिवसांनीं मेहुण्यांच्या नातवाच्या मुंजीसाठीं आम्ही सांगलीस गेलों. सांगली हें सौ.चें माहेर. सातारा आणि सांगली या दोहोंना कृष्णामाईनें जोडलें आहे. माहुलीस ती वेण्णेला घेते, कऱ्हाडास कोयनेला, आणि सांगलीवरून पुढें जाऊन हरिपुरास वारणेला भेटते. "सातारचें पाणीसुद्धां माझ्या माहेरीं येतें," असें सौ. आम्हांला गेलीं चाळीस वर्षें सांगत आली आहे, आणि आम्ही तिला दर खेपेस कंदी पेढ्यांच्या पुड्यासह तेथें पोंचवीत आलों आहों. परत येतांना पिशवींत भडंग असतें.

पोंचलों त्या संध्याकाळीं आम्ही आयर्विन पुलावर उभे राहिलों होतों. १९२९ सालचा हा पूल. खालीं कृष्णा इतकी संथ होती कीं, वाहते आहे कीं नाहीं याची शंका यावी. २०१९ च्या ऑगस्टांत याच पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर चढलें होतें व निम्में सांगली शहर पाण्यांत होतें, हें त्या वेळीं पाहून कोणाला खरें वाटलें नसतें. शांत दिसणाऱ्या प्रवाहाच्या बळाचा अंदाज वैशाखांत करूं नये, असें आम्ही मेहुण्यांना म्हणालों. हें वाक्य दुसऱ्याच दिवशीं आमच्यावर उलटावयाचें होतें.

मुंज पार पडल्यावर दुसऱ्या दिवशीं पहांटे वहिनींनीं हांक मारली, "वन्सं, हरिपूरला संगमेश्वराला जाऊं या कां चालत?" सांगलीपासून हरिपूर कोसभराहून अधिक आहे. दोघी पुढें निघाल्या, मागून आम्ही व मेहुणे. पहिलीं दहा मिनिटें आम्ही त्यांच्याबरोबर होतों. पुढच्या दहा मिनिटांत त्यांचें बोलणें ऐकूं येईनासें झालें. आणि त्यानंतर त्या दिसेनाशाच झाल्या. त्या सारा वेळ बोलत होत्या हें विशेष. बोलत बोलत ज्याला भरभर चालतां येतें त्याला दम लागलेला नसतो, एवढें वैद्यक आम्हांलाहि कळतें. मेहुणे म्हणाले, "जरा बसूं या." आम्ही एका झाडाखालीं बसलों. हळदीच्या पेवांसाठीं नांवाजलेलें हें हरिपूर 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचें गांव. म्हाताऱ्याला आपण तरुण आहों असें वाटूं लागलें म्हणजे त्याची कशी फजिती होते, हें देवलांनीं १८९९ सालींच रंगभूमीवर दाखवून ठेविलें होतें. त्यांच्याच गांवच्या वाटेवर आम्ही घाम पुशीत बसलों होतों.

घाटावर पोंचलों तेव्हां दोघी देवदर्शन आटोपून पायरीवर बसल्या होत्या. पलीकडून वारणा येऊन कृष्णेला मिळत होती. आम्हीं विचारलें, "दम नाहीं लागला?"

सौ. म्हणाली, "सपाट तर रस्ता."

"मग वर्षभर अजिंक्यताऱ्यावर?"

ती हंसली. मग म्हणाली, "गेल्या साली छातींत दुखलें तेव्हां डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतें?"

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "चढणें सोडूं नका, असें म्हणाले होते."

"आणि पुढें?"

पुढचें आठवेना. सौ.नें सांगितलें, "पण घाई सोडा, मधून मधून बसत जा."

आम्ही गप्प राहिलों. ३६ वर्षें ज्यानें मुलांना अर्धा श्लोक पाठ केल्याबद्दल उभें केलें, त्यानें स्वतःच्या हृदयाविषयींचें वाक्य अर्धेंच पाठ केलें होतें. मेहुणे म्हणाले, "म्हणजे पूर्वार्ध भाऊजींकडे आणि उत्तरार्ध ताईकडे."

"तेव्हांच कां नाहीं सांगितलें?" आम्हीं विचारलें.

"'तुम्ही बसा' म्हटलें असतें तर तुम्ही बसलां असतां?" सौ. म्हणाली, "मी बसलें म्हणून तर बसत होतां."

यावर उत्तर नव्हतें. वर्षभर आम्हीं दहा जणांत तिचा दम काढला होता, आणि जिचा दम काढला ती शेजारीं बसून आमच्या हातावर खडीसाखर ठेवीत होती. त्या रात्रीं आम्हांला बराच वेळ झोंप आली नाहीं. विवाहांतील सप्तपदींत सातवें पाऊल सख्यासाठीं टाकावयाचें असतें. पाणिनीनेंहि 'साप्तपदीन' हा शब्द सख्य या अर्थीं सिद्ध केला आहे. वर्गांत आम्हीं त्याची व्युत्पत्ति कित्येकदां फळ्यावर लिहिली. पण तें सातवें पाऊल मागें राहूनहि टाकतां येतें, हें आम्हांला कोणीं शिकविलें नव्हतें.

सबब गेल्या वर्षीं या सदरांत आम्हीं जो उपदेश केला तो वाचकांनीं दुरुस्त करून घ्यावा. पावलें मंदावलीं होतीं तीं आमचीं. ज्या भगिनींनीं प्रशंसेचीं पत्रें धाडलीं, त्यांनीं ती प्रशंसा सौ.कडे वर्ग केली आहे असें आम्ही समजतों.

आतां मृग लागला आहे. नातू पुण्यास गेले. घड्याळ ते येथेंच ठेवून गेले असून सध्यां तें धाकट्या सूनबाईंच्या हाताला आहे. त्यांचा आंकडा किती होतो हें विचारण्याचें धैर्य आम्हांला अद्याप झालेलें नाहीं.

परवां पाऊस उघडला म्हणून उभयतां अजिंक्यताऱ्यावर निघालों. पहिल्या वळणावर सौ. बसणार, तों आम्हीच आधीं बसलों. तेवढ्यांत नेहमींची मंडळी आली. एकानें विचारलें, "काय मास्तर, वहिनींना दम लागला वाटतें?"

"नाहीं," आम्हीं म्हटलें, "दम आम्हांला लागतो. ही आमच्यासाठीं बसते."

मंडळी हंसून पुढें गेली. सौ. खालच्या सातारा शहराकडे पाहत होती. तिनें पिशवींतून खडीसाखरेची पुडी काढली. रोज आम्हांला एक खडा मिळत असे. त्या दिवशीं दोन मिळाले.