आंतरराष्ट्रीय वॉरंटी, पण कुठल्या राष्ट्रात?

मंडळी, आज जरा घरचं गाऱ्हाणं मांडतोय. पण चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी दुबई-कुवेतला आहे, त्यांना ते आपलंच वाटेल.

माझा मेहुणा दुबईत एसी दुरुस्तीचं काम करतो. मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा भाचीसाठी लॅपटॉप घेऊन आला. पोरगी डिप्लोमाला आहे. एक लॅपटॉप कस्टम ड्यूटीशिवाय आणता येतो, त्यामुळे विमानतळावर काही त्रास नाही. दुकानदाराने खोक्यावर बोट ठेवून 'इंटरनॅशनल वॉरंटी, एक वर्ष' असं दाखवलं होतं. पाचव्या महिन्यात स्क्रीन काळी पडली.

आमच्याकडे त्या कंपनीचं सेंटर नाही. कुंभार्ली घाट चढून कोल्हापूर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने सिरीयल नंबर टाकला आणि म्हणाला, "सर, हा यूएईचा आहे." बिल मागितलं. बिल थर्मल कागदाचं, एटीएमच्या पावतीसारखं, कपाटात राहून जवळजवळ कोरं झालेलं. वर नाव मेहुण्याचं! बरं झालं, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाचा फोटो टाकला होता. मग त्याच्याकडून मेल, मालक बदलल्याची नोंद, देश बदलल्याची नोंद. यात पंधरा दिवस गेले. दुसऱ्या फेरीला नवीनच ऐकलं. "कीबोर्ड अरबी-इंग्रजी आहे ना, हे मॉडेल इंडियात विकलंच जात नाही. याचे पार्ट आमच्या यादीत नाहीत."

अहो, बिघडलीय स्क्रीन!

त्या मुलावर राग नाही. त्याला कॉम्प्युटर सांगेल तेवढंच तो बोलणार. घरी येऊन वॉरंटीचा बारीक अक्षरातला कागद वाचला. (पत्रकार असून आधी वाचला नाही, हे कबूल.) त्यात लिहिलंय की सेवा त्या-त्या देशातल्या उपलब्धतेनुसार मिळेल. म्हणजे वरती मोठ्या अक्षरात जे दिलं, ते खाली बारीक अक्षरात काढून घेतलं.

यात तांत्रिक अडचण अजिबात नाही असं मी म्हणत नाही. देशादेशांत मॉडेल खरंच वेगळी असतात. अमेरिकेत विकला जाणारा आयफोन १४ पासून पुढे सिमकार्डाची खाचच ठेवलेली नाही. बऱ्याच मोबाईलची वॉरंटी तर विकलेल्या देशापुरतीच असते. तसं असेल तर तसं स्पष्ट लिहा, माणूस विचार करून पैसे टाकेल. इथे मात्र विकताना एकच कंपनी, जाहिरात एकच, आणि दुरुस्तीची वेळ आली की 'ती तिकडची, आम्ही इकडचे'.

मेहुणा म्हणाला, पुढच्या सुट्टीत आलो की परत घेऊन जातो, तिथल्या दुकानात दाखवतो. त्याची सुट्टी पुढच्या मे महिन्यात. तो दुबईला परत पोहोचेपर्यंत वॉरंटीचं वर्ष संपलेलं असेल. ज्यांना वर्षातून एकदाच घर दिसतं त्यांच्यासाठी ही वॉरंटी अशी चालते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. चांगलाच कायदा आहे. पण विकणारा दुबईत बसलाय आणि इथली कंपनी म्हणते, आम्ही विकलंच नाही. मग धरायचं कुणाला? केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. माझं म्हणणं एवढंच आहे की कुठल्या देशात घेतलेलं कुठलं मॉडेल भारतात दुरुस्त होईल, ही यादी प्रत्येक कंपनीला तिथे टाकायला लावा. यादीत नसेल तर 'इंटरनॅशनल' हा शब्द खोक्यावरून काढा.

सध्या लॅपटॉप आपल्या बाजारपेठेतल्या एका कारागिराकडे आहे. स्क्रीन मुंबईहून मागवतो म्हणालाय, पैसे अर्थात आपले. पोरगी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट करतेय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, उत्तर आलं की इथेच टाकतो.

तोवर आखातातून कुणी काही आणणार असेल तर बिलाचा फोटो त्याच दिवशी काढायला सांगा, आणि शक्य असेल तर बिल वापरणाऱ्याच्या नावाने करायला सांगा. ज्यांना असाच अनुभव आलाय त्यांनी मॉडेल आणि बिलाच्या फोटोसह मला मेसेज करा. चार-पाच प्रकरणं हातात आली तर नीट बातमी करता येईल.